डीव्हीडी फिरते, पण लॅपटॉप जागा होत नाही



महिन्याची १७ तारीख होती. बार्शीच्या बाजार समितीच्या आवारात ज्यांची आडतीची पेढी आहे, अशा एका स्नेह्यांचा दिवेलागणीच्या सुमारास दूरध्वनी आला. हंगाम तुरीचा. दिवसभराची आवक, तोलाई, शेतकऱ्यांच्या पट्ट्या या सगळ्यांतून मोकळे होऊन ते घरी आले होते; तरी आवाजात उसंत नव्हती.

“भाऊ, लॅपटॉप सुरूच होत नाही हो. दुरुस्तीची तयारी चालू आहे असं पडद्यावर येतं, थोडा वेळ ते ठिपके गोल फिरतात आणि पुन्हा पहिल्यापासून तेच. आमच्या चिरंजीवांनी विंडोजची डीव्हीडी घातलीय. आत फिरल्याचा आवाज येतो, पण लॅपटॉप तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. वीस तारखेच्या आत जीएसटीचं विवरणपत्र भरायचंय.”

मी विचारले, “शेठ, हिशोबाची दुसरी प्रत कुठे आहे?”

“आहे की. रोज संध्याकाळी न चुकता बॅकअप घेतो.”

“कशावर घेता?”

“डी ड्राइव्हवर.”

“मग चिरंजीवांना आधी ती डीव्हीडी बाहेर काढायला सांगा. मग बोलू.”

त्यांना माझे बोलणे विचित्र वाटले असावे. ज्या डीव्हीडीसाठी ते तासभर झटत होते, तीच मी बाहेर काढायला सांगत होतो. त्यामागचे कारण आपल्यापैकी अनेकांच्या पेढीला लागू पडणारे आहे, म्हणून आजचा लेख त्या संध्याकाळीवरच बेतला आहे.

सी आणि डी हे दोन निरनिराळे डबे नव्हेत. बहुतेक लॅपटॉपांत हार्ड डिस्क एकच असते आणि सी व डी हे तिच्यातच आडवी भिंत घालून केलेले दोन कप्पे असतात. तिजोरीच्या वरच्या कप्प्यातील वहीची नक्कल खालच्या कप्प्यात ठेवली, तर तिजोरीच गेल्यावर दोन्ही जातात. शेठजींच्या चार वर्षांच्या खतावण्या, येणे-देणे आणि त्यांची रोजची नक्कल, सारे त्या एकाच डिस्कवर होते. आणि जी डीव्हीडी चालत नाही म्हणून घर बेचैन झाले होते, ती चालली असती तर नवी विंडोज बसवताना या दोन्ही कप्प्यांवरून बोळा फिरण्याची पुरेपूर शक्यता होती. डीव्हीडी चालली नाही, हे त्या संध्याकाळचे सुदैवच होते.

लॅपटॉप डीव्हीडीकडे का पाहत नाही, हे समजण्यासाठी तो सकाळी कसा जागा होतो ते आधी पाहू. पेढी उघडणारा माणूस शटर वर करतो, दिवा लावतो, काटा जागेवर आहे ना ते बघतो आणि मग मुनीमजींना हाक मारतो. त्यांनी येऊन वही उघडली की खरा व्यवहार सुरू होतो. संगणकात शटर उघडण्याचे काम करणारी एक छोटी आज्ञावली मुख्य पाटीवरच्या चिपमध्ये कायमची वस्तीला असते. १९८१ साली आयबीएमचा पहिला पीसी आला, तेव्हापासून तिला बायॉस म्हणतात. आता तिची जागा यूईएफआय नावाच्या नव्या व्यवस्थेने घेतली आहे, तरी बोलण्यात बायॉस हेच नाव रुळले आहे. मुनीमजी म्हणजे विंडोज. ते हार्ड डिस्कवर असतील, डीव्हीडीवर असतील किंवा पेन ड्राइव्हवर असतील. त्यांना कोठे आणि कोणत्या क्रमाने शोधायचे, याची एक यादी बायॉसजवळ असते. तिलाच बूट ऑर्डर म्हणतात.

डीव्हीडी फिरल्याचा आवाज आला म्हणजे एवढेच कळते, की कोणीतरी दारावर थाप मारली. दार उघडले का, आत योग्य माणूस भेटला का, हे प्रश्न उरतातच. म्हणून अशा वेळी पाच प्रश्न क्रमाने विचारावेत. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि बदलण्यापूर्वी ती कागदावर लिहून ठेवावी. दहा गोष्टी एकदम बदलल्या, की कशाने बिघडले आणि कशाने सुधारले, दोन्ही कळेनासे होते.

पहिला प्रश्न डीव्हीडीचा. ती दुसऱ्या चालू संगणकात घालून आत काय दिसते ते पाहावे. अनेक फोल्डर आणि फायली दिसल्या तर ठीक. पण आयएसओ या आडनावाची एकच मोठी फाइल दिसली, तर ती डीव्हीडी चुकीची भरली गेली आहे. माल पोत्यात बांधलेलाच राहिला. तो मांडलाच नाही. आयएसओ फाइल साध्या फायलीसारखी उतरवायची नसते. विंडोजमध्ये तिच्यावर उजवी टिचकी देऊन ‘बर्न डिस्क इमेज’ हा पर्याय निवडावा लागतो. तेव्हाच डीव्हीडीवर ‘मी सुरुवात करून देऊ शकते’ अशी खूण उमटते. या खुणेची पद्धत १९९५ साली फिनिक्स आणि आयबीएम यांनी ठरवली. तिचे नाव ‘एल टोरिटो’. आकारही पाहावा. साध्या डीव्हीडीवर ४.७ जीबी मावतात आणि हल्लीच्या विंडोजची प्रतिमा त्याहून मोठी असते. जुन्या डीव्हीडीवर बोटांचे ठसे असतील तर मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावे; गोल गोल पुसू नये.

दुसरा प्रश्न ड्राइव्हचा. घरातील लग्नाची किंवा प्रवचनाची एखादी जुनी डीव्हीडी त्यात चालत होती का? बरीच वर्षे न वापरलेल्या ड्राइव्हच्या भिंगावर धूळ बसते आणि धान्याच्या बाजारपेठेत धुळीला तोटा नसतो. बाहेरून जोडायचा ड्राइव्ह असेल, तर तो थेट लॅपटॉपच्या खाचेत लावावा. मधे जोडपट्टी लावली तर वीज पुरेशी मिळत नाही. त्याच्या वायरीला दोन टोके असतील तर दोन्ही लावावीत.

तिसरा प्रश्न यादीचा. लॅपटॉप चालू करताच एक विशिष्ट कळ एकसारखी टिचकत राहिले, की ‘या वेळेपुरते कोठून सुरू करू?’ असे विचारणारी यादी येते. डेल आणि लेनोव्होच्या बहुतेक यंत्रांत ती कळ एफ १२ असते, एचपीमध्ये एफ ९, असूसमध्ये एस्केप. एसरमध्येही एफ १२ असते, पण पुष्कळदा आधी एफ २ दाबून बायॉसमध्ये जाऊन ती चालू करावी लागते. यादी अशी एकदाच मागून घेणे हे बूट ऑर्डर कायमची बदलण्यापेक्षा बरे. येथे अनेकांना चकवणारी एक गोष्ट आहे. विंडोज ८ पासून ‘शट डाउन’ केलेला लॅपटॉप खरा पूर्ण मिटत नाही; सकाळी लवकर उठता यावे म्हणून अर्धवट झोपतो आणि कळ दाबायला सवड मिळण्यापूर्वीच पुढे निघून जातो. शिफ्ट कळ दाबून धरून ‘शट डाउन’ केले, तर तो पूर्ण मिटतो. विंडोज चालूच होत नसेल, तर चालू-बंदचे बटण दहा सेकंद दाबून धरावे.

चौथा प्रश्न तर डोळ्यांदेखत निसटणारा. विंडोजच्या डीव्हीडीला बायॉसने हाक दिली, की काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ येते: डीव्हीडीवरून सुरू करायचे असेल तर कोणतीही कळ दाबा. ती ओळ जेमतेम पाच सेकंद थांबते. तेवढ्यात कळ दाबली नाही, तर यंत्र मुकाट्याने हार्ड डिस्ककडे वळते आणि आपण म्हणतो, डीव्हीडी चालत नाही. पडद्यावरून नजर न हटवता स्पेसबार दाबणे, एवढाच याला उपाय.

आमच्या स्नेह्यांच्या चिरंजीवांनी हे चारही प्रश्न, माझ्याशी बोलता बोलता, अर्ध्या तासात सोडवले. डीव्हीडी दुसऱ्या संगणकात नीट दिसली. ड्राइव्हने लग्नाची डीव्हीडी दाखवली. एफ १२ ने यादीही आली. पण त्या यादीत डीव्हीडीचे नावच नव्हते. तेव्हा मुलगा म्हणाला, “काका, बायॉसमध्ये सिक्युअर बूट बंद करून लेगसी मोड चालू करता येतो असं दिसतंय. करून बघू?”

मी म्हटले, “थांब. त्या डीव्हीडीवर काय लिहिलंय ते आधी वाच.”

तिच्यावर होते विंडोज ७, ३२ बिट. आणि लॅपटॉप होता जीएसटी आली त्या वर्षी, म्हणजे २०१७ साली घेतलेला. तेथे सारा उलगडा झाला. हाच आपला पाचवा प्रश्न आणि तो समजायला बार्शीकरांना बाहेरचे उदाहरण शोधायला नको.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याची बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली, तेव्हा तिच्या रुळांतील अंतर होते २ फूट ६ इंच. मुंबईहून मद्रासकडे जाणारा मोठा मार्ग कुर्डुवाडीवरून जाई, त्याच्या रुळांतील अंतर ५ फूट ६ इंच. बार्शीची गाडी धडधाकट, मोठ्या मार्गाची गाडीही धडधाकट. पण एकीचा डबा दुसरीच्या रुळांवर चढणे शक्य नव्हते. बार्शीच्या पेठेतून निघालेला माल कुर्डुवाडीला एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात भरावा लागे. या शतकाच्या पहिल्या दशकात हा मार्ग रुंद झाला, तेव्हा कोठे ती उतरंड संपली. घरातील वडीलधाऱ्यांना ती छोटी गाडी चांगली आठवत असेल.

संगणकातही असेच दोन रूळ आहेत. जुना बायॉसचा, ज्याला आता लेगसी म्हणतात, आणि नवा यूईएफआयचा. विंडोज ७ ची ३२ बिट डीव्हीडी फक्त जुन्या रुळावर चालते. २०१७ चा लॅपटॉप नव्या रुळावर उभा होता आणि वर सिक्युअर बूटचा पहारा होता. २०१२ साली विंडोज ८ बरोबर रूढ झालेला हा पहारेकरी, ज्या प्रणालीवर ओळखीची सही नाही तिला दारातच अडवतो. म्हणजे डीव्हीडीही खराब नव्हती आणि ड्राइव्हही नव्हता. दोघांचे रूळ वेगळे होते.

“मग लेगसी केलं तर चालेल ना?” मुलाने विचारले. प्रश्न बरोबर होता, चालली असती. पण पुढे काय झाले असते ते ऐका. नव्या रुळावरच्या हार्ड डिस्कची मांडणी जीपीटी पद्धतीची असते. लेगसीतून सुरू झालेली विंडोज अशा डिस्कवर बसायला नकार देते आणि तसा संदेश दाखवते. तो संदेश आला की घाईत असलेला माणूस समोर दिसणारे कप्पे एकामागून एक ‘डिलीट’ करतो. तसे केले की संदेश नाहीसा होतो आणि बसवणे पुढे सरकते. त्याबरोबर सी जाते, डी जाते, बॅकअपही जातो. शिवाय विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार १४ जानेवारी २०२० रोजीच थांबला. बँकेचे आणि कराचे व्यवहार ज्या यंत्रावर चालतात, त्यावर ती बसवणे म्हणजे गोदामाला कुलूप न लावता घरी जाणे. विंडोज १० ची मुदतही १४ ऑक्टोबर २०२५ ला सरली, हे ओघाने सांगून ठेवतो.

सिक्युअर बूटला हात लावण्यापूर्वी आणखी एक सावधगिरी. अलीकडच्या पुष्कळ लॅपटॉपांत बिटलॉकर नावाचे कुलूप डिस्कला आपोआप लागलेले असते. बायॉसमधील असे काही बदलले, की ते ४८ आकडी किल्ली मागते. ती किल्ली सहसा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते. ते खाते कोणाच्या ई-मेलवर उघडले, त्याचा परवलीचा शब्द काय, हे आठवत नसेल तर स्वतःचीच डिस्क स्वतःला परकी होते.

मग केले काय? घरात कोऱ्या डीव्हीडी होत्या. शेजारच्या पेढीवरील संगणकावर लिनक्स मिंट ही विनामूल्य प्रणाली उतरवून घेतली आणि मघा सांगितल्याप्रमाणे ‘बर्न डिस्क इमेज’ने डीव्हीडी तयार केली. या प्रणालीचा विशेष असा, की ती डीव्हीडीवरूनच पूर्ण चालते. हार्ड डिस्कवर काहीही न बसवता संगणक उघडून दाखवते. तिच्यावर ओळखीची सहीही असते, म्हणून सिक्युअर बूट तिला अडवत नाही. बायॉसमधील एकही गोष्ट न बदलता मुलाने डीव्हीडी घातली, एफ १२ दाबले आणि या वेळी यादीत डीव्हीडीचे नाव आले. त्याच ड्राइव्हमधून, त्याच लॅपटॉपवर. आमचे निदान बरोबर असल्याचा हा पुरावाही झाला.

चार-पाच मिनिटांनी पडदा उजळला. हार्ड डिस्कवरील कप्पे दिसले. मी शेठजींना म्हटले, “आता काही बसवायचं नाही. ‘इन्स्टॉल’ लिहिलेल्या चित्राला हात लावायचा नाही. फक्त नक्कल.” टॅलीचा डेटा नावाचा फोल्डर, ज्यात प्रत्येक पेढीसाठी आकड्यांच्या नावाचा उपफोल्डर असतो, तो आधी पेन ड्राइव्हवर घेतला. सात मिनिटे लागली. एका फाइलवर यंत्र बराच वेळ अडखळले, तेव्हा फोनवर दोन्हीकडे शांतता होती. मग ती फाइलही सुटली. शेजारच्या पेढीवर जाऊन तो डेटा टॅलीत उघडला. आदल्या संध्याकाळच्या शेवटच्या पट्टीपर्यंतच्या नोंदी जागेवर होत्या. मुलाने ते फोनवर वाचून दाखवले, तेव्हा शेठजींनी मधेच फोन घेतला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत.

त्यानंतर घरातील छायाचित्रे, मुलीच्या लग्नाचे चित्रण, पावत्यांच्या प्रती असे सारे उतरेपर्यंत रात्रीचे साडेअकरा वाजले. दुसऱ्या दिवशी तपासणीत आढळले, की हार्ड डिस्कचा काही भाग निकामी होत चालला होता. विंडोज सुरू न होण्याचे मूळ कारण तेच. म्हणजे त्याच डिस्कवर दहा वेळा विंडोज बसवली असती, तरी महिन्याभरात पुन्हा हाच प्रसंग आला असता. नवी एसएसडी बसवली, ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवरून त्या यंत्राला मानवणारी विंडोज घातली आणि १९ तारखेला विवरणपत्र गेले.

वाचकहो, डीव्हीडीचा काळ सरत आला. नव्या लॅपटॉपांत तिचा ड्राइव्हही नसतो आणि आता हे काम पेन ड्राइव्ह करतो. पण वर सांगितलेले प्रश्न त्यालाही जसेच्या तसे लागू आहेत: नीट भरला आहे का, खाच ठीक आहे का, यादीत नाव आहे का, कळ वेळेवर दाबली का, रूळ जुळतात का.

आपल्या घराण्यांत वही जपण्याची रीत जुनी आहे. कीर्दीतून खतावणीत नोंद जाई, म्हणजे एकच व्यवहार दोन ठिकाणी लिहिलेला असे. जुन्या वह्या लाल कापडात बांधून माळ्यावर ठेवल्या जात. आजचा कायदाही तेच मागतो. केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ च्या कलम ३६ प्रमाणे, त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशोब जपून ठेवावे लागतात. आणि त्याच्या नियम ५७ प्रमाणे, संगणकावर ठेवलेल्या हिशोबाची प्रत अशी राखावी लागते, की अपघाताने मूळ नष्ट झाले तरी वाजवी वेळेत ते परत उभे करता यावे. डी ड्राइव्हवरील बॅकअप या कसोटीला उतरत नाही.

म्हणून एक लहानसा नेम सुचवतो. रोज संध्याकाळी पेढी बंद करताना एक प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी आणि तो पेन ड्राइव्ह लॅपटॉपला लटकत न ठेवता घरी न्यावा. आठवड्यातून एकदा दुसरी प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर किंवा इंटरनेटवरील आपल्या खात्यात ठेवावी. घरच्या कपाटात एक पाकीट ठेवावे: त्यात चालू स्थितीतील लिनक्सची डीव्हीडी किंवा पेन ड्राइव्ह, लॅपटॉपची बूट यादीची कळ लिहिलेला कागद, बिटलॉकरची किल्ली आणि ज्या ई-मेलवर खाते आहे त्याचे नाव. ही माहिती एकट्या मुलाला ठाऊक असून चालणार नाही; तो पुण्याला शिकायला गेला की पेढी अडते. घरातील आणखी एकाला, शक्यतो गृहिणीला, ती दाखवून ठेवावी.

आणि दिवाळीला चोपडापूजन होते, त्याच दिवशी वर्षातून एकदा हेही करावे: घरी आणलेली प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. परत उघडून पाहिली नाही, तोवर ती प्रत आहे असे समजू नये. आमच्या बार्शीच्या स्नेह्यांनी गेल्या लक्ष्मीपूजनाला हे केले. चिरंजीव पुण्याहून आले होते. पण प्रत उघडली ती त्यांच्या मातोश्रींनी, आणि कळ कोणती दाबायची हे त्यांनी कागद न पाहता सांगितले.

पुढील अंकी: पेढीचा वाय-फाय आणि त्याचा परवलीचा शब्द. आपल्या अडचणी पत्राने अवश्य कळवाव्यात.